फितुराचं पान

२४ नोव्हेंबर १९९१, रविवार

वही मिर्काने दिली. काल मला त्रेसष्टावं लागलं, त्याची भेट म्हणून ही वही, एक जाडजूड पुस्तक आणि टॅरोचा एक परदेशी कॅट. अठ्ठ्याहत्तर गुळगुळीत पानं, प्रत्येक चित्राखाली त्याचं नाव छापलेलं. मिर्का माझी भाची, पादुआला मानसशास्त्र शिकते आणि सुट्टीत घरी आली की आम्हा सगळ्यांवर ते करून पाहते.

"आत्या, रोज एक पान काढायचं," ती म्हणाली. "स्वतःला विचारायचं, माझी कुठली बाजू मला दिसत नाही? आणि जे येईल ते खरं लिहायचं. कुणी वाचणार नाही."

"अगं, पस्तीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी होते मी. लोकांच्या सगळ्या बाजू पाहिल्यात. त्यांनी दाखवायला नको होत्या त्यासुद्धा."

"लोकांच्या, आत्या. आणि तुझी?"

कार्टी फार बोलायला लागली आहे.

गंमत अशी की आमच्या बोलोन्यात टॅरो म्हणजे खेळायचे पत्ते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी क्लबाच्या मागच्या खोलीत चार टेबलं लागतात, आणि त्यातल्या खिडकीजवळच्या टेबलावर बावीस वर्षं मी आणि माझी मैत्रीण दिर्चे भिडू आहोत. देवदूत सगळ्यात मोठा हुकूम, सैतान चौदा नंबरचा, मृत्यू तेराचा. या पानांनी मी भल्याभल्यांना पाणी पाजलंय. त्यांनाच आता मनातलं विचारायचं! पण कुतूहल हा माझा जुना आजार आहे, आणि सध्या दुपारी फार काही करायला नसतं. परदेशी कॅट मात्र कपाटात ठेवला. विचारायचंच तर माझ्या जुन्या, कडा झिजलेल्या बासष्ट पानांना विचारीन. ती मला ओळखतात.

२५ नोव्हेंबर

सकाळची कॉफी झाल्यावर पान काढलं. सैतान. पुस्तक म्हणतं, ज्याने आपल्याला बांधून ठेवलंय असं आपण सांगत फिरतो, त्याला खरं तर आपणच घट्ट धरून बसलेलो असतो.

वा! हे तर उघड उघड वायनेरचं पान. वायनेर क्लबाचा काउंटर सांभाळतो, आणि दारू त्याला सोडत नाही असं गेली दहा वर्षं सगळ्यांना सांगतो. लगेच मिर्काला फोन केला.

"पान कुणी काढलं आत्या?"

"मी."

"मग यात वायनेर कुठून आला?"

"तो सगळीकडून येतो. तुला माहीत नाही."

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज दिर्चेने भर क्लबात माझी खरडपट्टी काढली. आमच्या खेळात डाव चालू असताना तोंड उघडायचं नसतं. भिडूला जे सांगायचं ते पानानेच सांगायचं. पान उडवून टाकलं तर एक अर्थ, टेबलावरून घासत नेलं तर दुसरा, आणि मुठीने टेबल ठोकलं तर, तुझं मोठ्यात मोठं पान काढ. डाव संपला की मात्र साठलेलं सगळं ओकायची मुभा. ज्याचं चुकलं त्याने 'चुकलं' म्हणायचं आणि पुढचा डाव पिसायचा. मला हे म्हणायची वेळ सहसा येत नाही.

"ठोकलं मी," दिर्चे म्हणाली. "ऐकू नाही आलं?"

"आलं."

"मग देवदूत काय माझ्या मयताला टाकणार होतीस? हातात होता ना तुझ्या!"

"जपून ठेवला होता."

"कशासाठी, बाई? बावीस वर्षं बघतेय. चांगलं पान हातात आलं की तू ते दाबून बसतेस."

आणि हसली. दिर्चे हसते तेव्हा चारही टेबलांना थांबावं लागतं. साठीची विधवा, शिवणकाम करते, कुणाच्या पॅंटची शिलाई कुठे उसवली आहे ते तिला रस्त्याच्या पलीकडून दिसतं, निदान मोतीबिंदू व्हायच्या आधी दिसायचं. शेजारच्या टेबलावरचा ओरियानो तिच्याकडे पाहत राहिला आणि त्याने चुकीचं पान टाकलं. हा ओरियानो निवृत्त बस ड्रायव्हर, विधुर, टोपीशिवाय दिसत नाही. त्याचा भिडू वसंतात वारला, तेव्हापासून तो जिथे खुर्ची मोकळी असेल तिथे बसतो.

आजचं पान चंद्र: धुकं, फसवं दिसणं. ओरियानोचं असणार.

३० नोव्हेंबर

अकरा नंबरचा म्हातारा आला. हातात कंदील, एकटाच चाललेला. हे पान मात्र माझं. मला कुणाची गरज लागत नाही, कधीच लागली नाही. लग्न केलं नाही, कुत्रा पाळला नाही, आजारपणात शेजारणीला हाक मारली नाही. मिर्काला कळवलं की एक तरी पान मला लागू पडलं. तिने विचारलं, "आणि म्हातारीला एकटं आवडतं?" मी म्हटलं, "पानावर म्हातारा आहे." फोन खर्चिक होतो म्हणून ठेवला.

३ डिसेंबर, मंगळवार

बारा नंबर. एका पायाने टांगलेला माणूस.

याची मोठी मजा आहे. मिर्काच्या पुस्तकात याला चार पानं दिली आहेत. त्याग, समर्पण, दुसऱ्यांसाठी स्वतःला लटकावून घेणारा, त्यामुळे चेहऱ्यावर शांती. आमच्याकडे लहानपणापासून याला फितूर म्हणतात. पूर्वी फितुरांची चित्रं शहराच्या भिंतीवर अशी उलटी टांगून काढायचे, असं माझे वडील सांगत. पुस्तक असंही म्हणतं की पान सुलटं आलं की उलटं ते पाहा. आमच्या पानांना दोन्ही टोकांनी डोकं असतं, सुलटं-उलटं काही नसतंच, मग काय पाहणार?

मी पुस्तकाचं मानायचं ठरवलं. इथल्या लोकांनी हुकूम मोजण्यापलीकडे या चित्रांचा विचार कधी केलाय? आणि त्याग म्हटला तर माझ्या खात्यात तो पुष्कळ आहे. आई अकरा वर्षं अंथरुणाला होती, कोणी केलं? मिलानोची नोकरी कोणी सोडली? दिर्चेचा नवरा गेला तेव्हा महिनाभर तिच्याकडे कोण झोपायला जात होतं? हे सगळं मी बोलून दाखवत नाही. वहीत लिहायला हरकत नाही.

८ डिसेंबर, रविवार

दिर्चे जेवायला आली. बुधवारी तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. जेवताना काटा खाली ठेवून म्हणाली, "निवेस, समजा एखाद्या वर्षी मी दुसऱ्या कुणाबरोबर खेळले तर?"

"डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली का?" मी विचारलं.

"तपासली."

"आणि थेंब कुठले दिले?"

तिने थेंबांचं नाव सांगितलं. चांगले आहेत. मग आम्ही नाशपाती खाल्ल्या. ऑपरेशनच्या आधी माणसं काहीबाही बोलतात, मी दुकानात हजारदा पाहिलंय. आजचं पान पाहायचं राहिलं.

१२ डिसेंबर

ऑपरेशन नीट झालं. आठवडाभर दिर्चेने बाहेर पडायचं नाही, वाकायचं नाही, टेलिफोनवर ओरडायचं नाही. मी सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे जाते.

दुपारी चारला दारावर ओरियानो. टोपी हातात, केस पाण्याने बसवलेले.

"निवेसबाई, आत येऊ? भिडू मागायला आलोय."

आमच्या क्लबाची ही रीत आहे. दुसऱ्याचा भिडू हवा असेल तर त्याला परस्पर विचारायचं नाही. आधी त्याच्या जोडीदाराकडे जायचं. जोडीदार विचारणार, आणि उत्तरही जोडीदारच आणून देणार. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा कधी बोलायचं नाही. ही रीत नसती तर निम्मा क्लब एकमेकांशी बोलत नसता.

"तीन राजांच्या सणाच्या स्पर्धेपुरतं?" मी विचारलं. सहा जानेवारीच्या त्या स्पर्धेच्या जोड्यांची यादी माझ्याकडे असते, माझं अक्षर चांगलं म्हणून.

"स्पर्धेपासून सुरुवात," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "चेर्व्हियाला माझं घर आहे, माहितीये तुम्हाला. दोनच खोल्या, पण समुद्र दिसतो. ते नंतरचं. आधी पत्ते."

"आणि ती नको म्हणाली तर?"

"तर मुलगी बोलावतेच आहे तोरिनोला. जाईन कायमचा. रोज नव्या खुर्चीत किती दिवस बसणार, बाई? मी काही बसमधला उतारू नाही."

त्याला कॉफी दिली. एका घोटात प्यायला आणि कप स्वतः धुऊन ठेवला. लग्नाची मागणी घालायला आल्यासारखा आला होता, हसूच येत होतं मला. विचारते, असं मी म्हणाले.

१३ डिसेंबर

दिर्चेकडे सूप घेऊन गेले. डोळ्यावर पट्टी. अशा माणसाला काय विचारायचं? उद्या.

पान: पाच नंबर, प्रेम. मिर्काच्या आयुष्यात कोणीतरी आलेलं दिसतंय. विचारायला हवं.

१४ डिसेंबर

विचारलं नाही. तिला झोप लागली होती. मी तिथे बसून तिचे बटणांचे डबे लावून ठेवले, रंगाप्रमाणे. मी नसते तर या बाईचं काय झालं असतं कोण जाणे.

१५ डिसेंबर, रविवार

कमानींखाली नाताळच्या बाजारात ओरियानो भेटला. मातीची मेंढरं बघत उभा होता. त्याला उत्तर दिलं. दिर्चेची इच्छा नाही म्हणून सांगितलं.

तो "बरं" म्हणाला. हातातलं मेंढरू जागेवर ठेवलं, टोपी घातली आणि गेला. भांडला नाही की कारण विचारलं नाही. रीत पाळणारा माणूस.

मी दिर्चेला विचारलं असतं तर ती आधी गोंधळली असती, मग माझाच सल्ला घेतला असता, मी चार गोष्टी समजावल्या असत्या आणि शेवटी ती नाहीच म्हणाली असती. म्हणजे मी फक्त मधला त्रास वाचवला. डोळ्यावर ताण येता कामा नये, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

यादीत नेहमीप्रमाणे लिहिलं: निवेस आणि दिर्चे.

१७ डिसेंबर

पुन्हा बारा नंबर. बासष्टांतून तेच पान! हिशेबाने पाहिलं तर यात अद्भुत काही नाही, कुठलं तरी पान दोनदा येणारच. तरी पुस्तक काढून ती चार पानं पुन्हा वाचली. "त्यागी माणसाला त्याचं मोल मिळत नाही." किती खरं आहे. खाली पेन्सिलने रेघ मारली, आणि मग का कोण जाणे, खोडून टाकली.

२० डिसेंबर, शुक्रवार

दिर्चे काळा चष्मा लावून क्लबात आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओरियानो दाराजवळच्या टेबलावर होता, त्याने मान हलवली आणि पाठ फिरवून बसला.

आम्ही चारही डाव जिंकलो. दिर्चेने एकदाही टेबल ठोकलं नाही. पानं अशी टाकत होती जशी एखादी दुकानदारीण सुटे पैसे परत देते. डावानंतर मी मुद्दाम विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"नाही. छान खेळलीस."

बावीस वर्षांत ती मला असं कधीच म्हणाली नव्हती. जिंकून घरी आले आणि जेवण गेलं नाही. तब्येतीला काही झालेलं नाही, नाडी मोजून पाहिली.

२५ डिसेंबर

नाताळ. खिम्याचं सारण भरून पंचाहत्तर तोर्तेल्लिनी वळल्या, तिघींसाठी. मिर्का आली, दिर्चे आली, घर उकळत्या सूपच्या वासाने भरून गेलं. मिर्काने दिर्चेला विचारलं, क्लबात काय नवीन?

"ओरियानो चालला," दिर्चे म्हणाली. "वायनेर सांगत होता. सात तारखेला तोरिनोला, कायमचा. खोली पण सोडतोय." मग चमचा सूपमध्ये फिरवत राहिली. "आता सांगायला काय जातंय. मला वाटलं होतं तो मागायला येईल. नोव्हेंबरभर वाट बघत होते, रोज पावडर लावून. माझं वय काय, डोळे काय, आणि स्वप्नं बघतेय चेर्व्हियाची! गाढव नुसती."

मिर्का तिच्याकडे पाहत होती आणि मग माझ्याकडे पाहायला लागली.

मी म्हटलं, "आणखी सूप घे, गार होतंय."

२६ डिसेंबर

मिर्का दुपारच्या गाडीने गेली. जायच्या आधी म्हणाली, माझ्यासमोर एक पान काढ. मी पिसलं, तिने कापलं, मी काढलं. बारा नंबर.

"तिसऱ्यांदा," मी म्हटलं. "तुझ्या पुस्तकात याला त्याग म्हणतात."

"आणि इथे?"

"इथले लोक अडाणी आहेत."

"आत्या."

"फितूर म्हणतात."

"यातलं कुठलं नाव घेतलं की पोटात गोळा येतो?"

"गोळा काल रात्रीच्या त्या झणझणीत मोस्तार्दाच्या मुरंब्याने आलाय."

ती हसली नाही. "असं कर. 'मी'ने सुरू होणारं एक वाक्य लिही. तुझ्या आईबद्दल नको, वायनेरबद्दल नको. मी भांडी घासते, बघणार नाही."

पोरीने मुद्दाम नळ मोठा सोडला. मी वही उघडून बसले. लिहिलं ते असं:

मी ओरियानोशी खोटं बोलले.

मी दिर्चेला विचारलंच नाही.

मी आठ तारखेला दिर्चेचा प्रश्नही ऐकला होता.

मी घाबरले.

शेवटचं वाक्य कुठून आलं ते कळलं नाही. अक्षर माझंच आहे. मी म्हणजे निवेस, जिला कुणाची गरज लागत नाही, ती कशाला घाबरेल? आणि तरीही वाक्य खोडावंसं वाटेना. उलट त्याच्या मागे आणखी काय काय आहे ते बघावंसं वाटू लागलं. औषधाच्या जुन्या कपाटात मागच्या बाजूला कधीतरी न ओळखता येणारी बाटली सापडायची, तेव्हा असंच वाटायचं. भीती असायचीच, पण झाकण उघडून वास घेतल्याशिवाय राहवायचं नाही.

मंगळवार आणि शुक्रवार गेले तर माझ्याकडे आठवड्यात काय उरतं? काहीही नाही. हे मी आज पहिल्यांदा मोजलं.

२८ डिसेंबर

सात तारखेपर्यंत गप्प बसले तर सगळं आपोआप मिटेल. तो जाईल, दिर्चे दोन महिन्यांत विसरेल, यादी आहे तशी राहील. हा विचार मला सकाळी सुचला आणि चक्क आवडला. कॉफीबरोबर पुन्हा पुन्हा चघळला. म्हणजे मी अशीही आहे. भयंकर आहे, पण बघण्यासारखं आहे. सैतानाचं पान मी वायनेरच्या नावावर खपवलं होतं, त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

पान काढलं नाही. आता गरज नाही.

३० डिसेंबर

दिर्चेच्या स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. ती कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तो आला, टोपी हातात होती, काय म्हणाला, मी काय उत्तर दिलं. चेर्व्हियाचंही सांगितलं. तिची कात्री थांबली, पण डोकं वर झालं नाही.

"संपलं, की अजून आहे?" तिने विचारलं.

"संपलं. चुकलं माझं."

"पंधरा दिवस," दिर्चे म्हणाली, "पंधरा दिवस मी आरशात बघून स्वतःला शिव्या घातल्या. म्हातारी, आंधळी, तुला कोण विचारतंय म्हणून. तू इथे बसून माझी बटणं लावत होतीस! रंगाप्रमाणे!"

"तुझ्या डोळ्याला ताण नको म्हणून मी..."

"डोळ्याचं नाव काढलंस तर ही कात्री मारीन. तुझा कोट घे आणि जा, निवेस."

तिने कात्रीचं म्हटलं तेव्हा आवाज चढला नव्हता, तेच वाईट.

३१ डिसेंबर

ओरियानोकडे गेले. खोलीत खोकी, भिंतीवर कॅलेंडरच्या जागी नुसता खिळा. रीत अशी आहे की दिलेल्या उत्तरावर पुन्हा बोलायचं नाही. मी रीत मोडली आणि बोलले.

"म्हणजे त्यांनी नाही म्हटलंच नव्हतं?"

"तिला माहीतच नव्हतं. काल कळलं."

"पण का, बाई?"

"भिडू जाईल म्हणून."

तो खोक्यावर बसला. माझ्याकडे असा पाहत होता जसं मी पहिल्यांदाच दिसले. रागावेल म्हणून मी तयार होते.

"मला वाटायचं, तुम्हाला कुणाचंच काही वाटत नाही," तो म्हणाला. "आम्हा सगळ्यांनाच तसं वाटतं."

मग एकदम उठला, टोपी घातली आणि दार सताड उघडं टाकून जिन्याने खाली पळाला. सहासष्ट वर्षांचा माणूस, एकेक पायरी सोडत. मी त्याच्या खोलीत एकटीच उरले. शेगडीवर त्याचं सूप उतू जात होतं. गॅस बंद केला, दार ओढून घेतलं आणि घरी आले.

६ जानेवारी १९९२

तीन राजांचा सण, स्पर्धा. यादी मी पुन्हा नव्या कागदावर लिहिली: दिर्चे आणि ओरियानो. माझ्या नावापुढे जोड नव्हती म्हणून माझं नाव लिहिलं नाही. गुण लिहायला बसले. क्लबात सगळ्यांना सगळं माहीत आहे. माझ्या शेजारची खुर्ची दिवसभर मोकळी राहिली. वायनेरने न मागता दोनदा कॉफी आणून ठेवली आणि पैसे घेतले नाहीत.

दिर्चे आणि ओरियानो पहिल्याच फेरीत हरले, आणि तेही लाजिरवाण्या फरकाने. तिने ठोकलं आणि गडबडीत त्याने सगळ्यात लहान हुकूम टाकला. डाव संपल्यावर दिर्चे त्याला एवढी बोलली, एवढी बोलली, आणि मग हसत सुटली. इतर तीन टेबलांना थांबावं लागलं. मीही पेन खाली ठेवलं. ते हसू ऐकून बरं वाटलं आणि तेच ऐकवतही नव्हतं, दोन्ही एकदमच. हे असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी दहाला दिर्चे आली. कोट काढला नाही, खुर्चीच्या कडेवर बसली.

"तुला सांगायला आलेय, राग कशाचा आला," ती म्हणाली. "खोटं बोललीस, त्याचा आलाच. पण त्याचा उतरेल. क्लबात कोण खोटं बोलत नाही. मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा."

"कशाचा?"

"तू मला म्हणाली का नाहीस? एवढी धडपड, एवढं नाटक. सूप काय, बटणं काय, डोळ्याचे थेंब काय! दोन शब्द होते, निवेस. 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं. बावीस वर्षांत तू माझ्याकडे एकदा तरी काही मागितलंस का? नेहमी देत असतेस. दे, दे, दे. समोरच्याला वाटतं, हिला आपली काय गरज!"

मी म्हटलं, मागायची सवय नाही. ती म्हणाली, माहितीये.

म्हणायला काय लागतं, असं वाटलं. दुकानात मी लोकांना नको नको ते आजार तोंडावर सांगितलेत, पण हे दोन शब्द बाहेर काढायला मला टेबलाची कड धरावी लागली.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

दिर्चेने चष्मा काढला. तिचा डावा डोळा अजून लाल आहे.

"जाणार आहे गं," ती म्हणाली. "चेर्व्हियाला, एप्रिलमध्ये. घराला रंग लावून झाला की."

मला माहीत होतं ती हेच म्हणणार. तरी मला रडू फुटलं. नीटनेटकं नाही, नाक वाहून, हुंदके देऊन, लहान पोरासारखं. आई गेली तेव्हाही मी असं रडले नव्हते. दिर्चे आधी घाबरली, मग खुर्ची ओढून जवळ आली, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि चांगल्या डोळ्याने निरखून पाहू लागली.

"ही कोण गं?" ती म्हणाली. "हिला इतकी वर्षं कुठे ठेवली होतीस?"

तिने कोट काढून खुंटीला लावला आणि दुपारी जेवायला थांबली.